इंझोरीच्या विहिरीतला समुद्र

"धावा वो! बादलीत जळू आली! निळी जळू!"

रंगूबाई दोर तसाच टाकून परसातून ओरडत आल्या. रामकिसन ताटावर बसला होता. आईची हाक ऐकून तो खरकट्या हातानंच विहिरीकडे पळाला. मागून त्याची बायको गोमती आली आणि नेहमीसारखी दाराआड उभी राहिली.

बादलीत बोटभर लांबीचा एक मऊ जीव जेमतेम हलत होता. अंग गर्द निळं, काठाला केशरी पट्टी, डोक्यावर दोन शिंगं आणि पाठीवर मागच्या टोकाला फुलासारखा तुरा.

"आई, हे जळू नाही," रामकिसन बादलीवर वाकत म्हणाला. "गोगलगाय हाये. बिनशंखाची. अन् असा तुरा फक्त समुद्रातल्या गोगलगाईले असते!"

"समुद्र?" त्याचे वडील मारोतराव ओसरीवरून हसले. "आपल्या नाल्याले उन्हाळ्यात पाणी नाही राहत, अन् समुद्र कुठून आणतं, लेका?"

रामकिसनचं तिकडे लक्षच नव्हतं. हा जीव मेला की रंग उडणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं कागद आणि रंग काढले आणि दिवस मावळेपर्यंत जागचा उठला नाही.

कधीकाळी तो मुंबईला प्राणिशास्त्र शिकत होता. शेवटच्या परीक्षेआधी मारोतरावांनी शेतीसाठी परत बोलावलं. येताना त्यानं एक भिंग आणलं आणि गोमतीला आणलं. ती त्याच्या मित्राची, बाबलची बहीण. घर मालवणाकडे, अगदी समुद्राला लागून. भिंगावर धूळ बसली आणि गोमती चुलीपुढे बसली. सात वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती. मारोतरावांचं उत्तर ठरलेलं. पेरणी होऊ दे. कापूस निघू दे. पुढच्या साली पाहू. चारच दिवसांपूर्वी संक्रांतीचं वाण घेऊन बाबल स्वतः न्यायला आला, तर त्यालाही तेच ऐकवलं. बिचारा मान खाली घालून एकटाच गेला.

आईला एकदा पाहावं, एवढं एकच गोमतीच्या जिवाला लागलं होतं. पण ती कधी उलटून बोलली नाही.

"आमची सून म्हंजे गोगलगाय," रंगूबाई कौतुकानं सांगत.

"अन् पोटात पाय!" शेजारची नानीबाई जोडायची. मग दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता मात्र गावात दुसरा विषयच उरला नाही. मंगरूळपीरहून लोक आले, शेलूबाजारहून बैलगाड्या आल्या. ज्यानं त्यानं विहिरीत डोकावून घेतलं. रामकिसननं नागपूरच्या एका प्रोफेसरांना चित्र पाठवलं आणि ते मोटार करून इंझोरीत हजर झाले!

त्यांनी रामकिसननं स्पिरिटमध्ये जपून ठेवलेला जीव भिंगाखाली धरला. चित्र पाहिलं. सोबत आणलेली जाडजूड पुस्तकं पालथी घातली. मग विहिरीचं पाणी चाखून तोंड वाकडं केलं.

"मचूळ आहे."

"पयल्यापासूनच हाये, साहेब," मारोतराव म्हणाले. "धुण्याभांड्यालेच वापरतो."

"रामकिसन, अरे, हा नवा जीव आहे!" प्रोफेसर लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते. "कोणत्याच पुस्तकात नाही! याचं वर्णन तू लिहायचंस. नाव तू द्यायचंस!"

रामकिसनच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षा हुकल्याची सल इतक्या वर्षांत त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती.

"इंझोरीचं नाव देतो," तो म्हणाला. मारोतरावांनी फेटा नीट केला.

"पण एक अडचण आहे," प्रोफेसर गंभीर झाले. "असा जीव किनाऱ्यावर कुठे नाही ना, ते आधी पाहावं लागेल. तिथं एक जरी सापडला, तर विहिरीची नवलाई संपली." मग रामकिसनच्या बोलण्यातलं काहीतरी त्यांना आठवलं. "सूनबाई, तुमचं माहेर समुद्रावरचं ना? तुम्ही कधी पाहिलाय असा?"

सगळी ओसरी दाराकडे पाहू लागली.

"लहानपणी पाहिला असेल तरी आता काय आठवणार?" गोमती खालमानेनं म्हणाली. "सात वर्षं झाली, गेलेच नाही."

मारोतराव खाकरले. पाहुण्यांसमोर त्यांना ते चांगलंच लागलं.

"घेऊन जाय तिले," ते मुलाला म्हणाले. "तिले तिकडची बोली समजते. चांगले दोन महिने राहा. हयगय नोको करू."

"अन् शेतीचं?" रामकिसननं विचारलं.

"मी मेलो का? गावाच्या नावाचा सवाल हाये, बावा!"

गोमती आत गेली आणि चुलीत उगाचच काटक्या सारत राहिली.

माहेरच्या अंगणात आईनं तिला पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवसापासून रामकिसन ओहोटी लागली की बाबलबरोबर उत्तरेच्या खडकांवर जायचा. धोतर खोचून, गुडघाभर पाण्यात, एकेक दगड उलटवत. पंधरवडा गेला. रोज तो भिजलेला आणि आनंदानं वेडा होऊन परतायचा.

"नाही! आजही एक नाही! गोमती, खरंच फक्त आपल्याच विहिरीत हाये!"

"देवच पावला म्हणायचा," गोमती म्हणाली आणि त्याला कोरडं धोतर दिलं.

तो वर्णनाचं पुढलं पान लिहायला माजघरात गेला. बाबल पाय धुऊन बहिणीजवळ टेकला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "गोमू, संक्रांतीक मी तुका बरणीत घालून आणून दिलंय, तसले दक्षिणेच्या खडकार ढिगान आसत. भावजींका आणखी किती दिस उत्तरेकच फिरवू?"