वाट देणारा हात

चाकं काढून विटांवर ठेवलेल्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये तो रोज बसायचा. "एकट्याच्या शर्यतीत तरी पहिला नंबर काढा हं!" बायको टोमणा मारायची.

हौशी शर्यतींत एक रीत होती. मागची गाडी वेगात असेल, तर हात बाहेर काढून तिला वाट द्यायची. शेवटच्या शर्यतीत त्याने मागून येणाऱ्या थोरल्या भावाला, दादाला, हात दाखवलाच नाही. दादा वळणावर बाहेरून घुसला आणि कठड्यावर आदळून जागीच गेला. कप मात्र घरातच राहिला, तेवढंच समाधान.

आज आरशात गॅरेजची मागची भिंत नव्हती. दादाची हिरवी गाडी होती.

त्याने घाईघाईने हात बाहेर काढला. "जा दादा, तू हो पुढे."

आरशातल्या गाडीतूनही एक हात बाहेर आला आणि सावकाश हलला: आधी तू.

विटांवरची गाडी पुढे सरकली. समोर वळण होतं.