तिसऱ्यांदा मान खाली घालते तेव्हा

हरिणी कापलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला येऊन उभी राहिली, आणि बुद्धभूषणनं बधिर झालेले पाय आणखी आत ओढले.

गवताच्या गठ्ठ्यांमागे तिघं उलट्या बादल्यांवर बसले होते. पुढे त्याची चौदा वर्षांची पोरगी प्रणिता, मांडीवर धनुष्य. तिच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर, त्यांच्या ईडन प्रेरी गावातला शेजारी ग्लेन, रिटायर्ड प्लंबर; हे शेत त्याच्या भावाचं. सगळ्यात मागे हा. बाप. लग्नात लांबच्या पाहुण्याला बसवावं तसा. धनुष्याच्या शिकारीच्या हंगामाचा आज शेवटचा दिवस, उजेड उरला होता पाऊण तासाचा. पोरीला तिचं पहिलं हरीण मिळालं तर आता, नाहीतर पुढच्या वर्षी.

हरिणीनं पुढचा पाय उचलून बर्फावर आपटला. मान खाली घातली. झटक्यात वर केली.

ढोंग. येताना गाडीत ग्लेननं सांगितलं होतं. म्हणजे प्रणिताला सांगितलं होतं, मागच्या सीटवर बसलेल्या बापानं फक्त ऐकलं. पहिल्यांदा मान खाली घालते ती खायला नव्हे, कोण हलतंय ते बघायला. दुसऱ्यांदाही खोटंच. तिसऱ्यांदा घातली आणि जबडा चालायला लागला, की मग दोरी ओढायची. तोवर पापणीसुद्धा सांभाळायची.

पोरगी हलली नाही. बुद्धभूषण तिच्या पाठीकडे बघत आतल्या आत जळत होता. हीच पोरगी बीजगणिताला त्याच्यासमोर दहा मिनिटं टिकत नाही. पाणी पाहिजे, बाथरूमला जायचंय, पप्पा तू ओरडतोस. ओरडतो, मग? ओरडणाऱ्या मास्तरांच्या हाताखालीच शिकून तो नागपूरहून इथवर, अमेरिकेत आला होता. आणि या माणसापुढे ही अडीच तास दगडासारखी बसते. ग्लेन तिला नीता म्हणतो, कारण प्रणिता त्याच्या जिभेला झेपत नाही. तिला ते आवडतं. परवा फोनवर मैत्रिणीला तिनं स्वतःच सांगितलं, नीता बोलतेय.

हरिणीनं दुसऱ्यांदा मान खाली घातली, वर केली. तिच्या मागून झाडीतून आणखी दोघी आल्या. त्यातली एक मक्याजवळ सरकली तशी पहिली, मोठी, मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढच्या खुरांनी तिला हाणलं. हिवाळ्याच्या या टोकाला दाणे थोडे असतात. वाटून कोण खातं?

मग मोठीनं तिसऱ्यांदा मान खाली घातली. जबडा चालायला लागला.

प्रणितानं धनुष्य उचललं, दोरी गालापर्यंत ओढली. दंड थरथरला. ग्लेनचा हात वर आला आणि तिच्या कोपराखाली थांबला. त्यानं स्पर्श केला नाही. नुसता हात धरला हवेत, लागलाच तर असावा म्हणून. दंड स्थिर झाला.

बुद्धभूषणनं तो हात पाहिला. असा हात त्यानं कधी धरला नव्हता. सायकल शिकवतानासुद्धा तो मागून ओरडतच धावला होता.

तो खोकला.

हरिणीच्या नाकातून फुस्सकन आवाज निघाला. तीन पांढऱ्या शेपट्या वर झाल्या आणि झाडीत गेल्या. प्रणितानं दोरी हळूच सैल सोडली, शिकवलं होतं तशी, आणि मग वळली.

"पप्पा, तुला खोकला नाहीये."

तो मराठीतच पुटपुटला, "पाणातिपाता... जीव घ्यायचा नाही, रोज म्हणतो ना आपण? आपल्या माणसांना हे शोभत नाही, प्रणी."

"काल मटणातली नळी कुणी मागून घेतली?"

तो पंचशीलाच्या आड लपायला गेला आणि सगळा उघडा पडला.

वडील काय म्हणतायत, असं ग्लेननं कुजबुजत विचारलं. प्रणितानं बापाकडे पाहिलं. आता ही सांगणार, बुद्धभूषणला वाटलं. आणि या म्हाताऱ्यासमोर आपली लाज जाणार.

"ही इज सॉरी," ती म्हणाली. "थंडीनं घसा कोरडा पडलाय त्यांचा."

ग्लेननं मान हलवली. एवढ्या थंडीत त्या लांब जात नाहीत, भूक त्यांना परत आणते, आपण बसून राहायचं, इतकंच बोलला. मग खिशातून खोकल्याची गोळी काढून त्यानं बुद्धभूषणच्या तळव्यावर ठेवली. कागद आधीच काढलेला. कागदाचा आवाज होतो म्हणून तो घरूनच काढून आणायचा. गोळीला त्याच्या खिशातला लोकरीचा धागा चिकटला होता. बुद्धभूषणनं ती धाग्यासकट तोंडात टाकली.

प्रणिता पुढे वळून बसली. आभाळ राखाडी झालं, बर्फ तेवढा उजळ राहिला.

उजेडाची शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा मोठी पुन्हा बाहेर आली. पाय आपटला. मान खाली घातली, वर केली. पुन्हा घातली, पुन्हा वर. तिसऱ्यांदा घातली, आणि प्रणितानं धनुष्य उचललं.

नेमका तेव्हाच गोळीचा उरलेला तुकडा घशात उतरला आणि बुद्धभूषणला खरोखरचा ठसका लागला.

त्यानं हातमोजा तोंडात कोंबला. छाती आतून धडका देत होती, डोळ्यांतून पाणी गालावर येऊन गोठत होतं, बादलीवर तो कमरेत मोडून पडला होता. आवाज आला नाही. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. पुढे दोरी गालापर्यंत ताणलेली, आणि तिच्या कोपराखाली हवेत तो दुसऱ्याचा हात.