बाहेरचं बोट

"मोडलेलं हाड?" मामांनी विचारलं.

"मांडीचं. डावं. मधोमध, तिरकं."

"काय केलं?"

"हाडाच्या पोकळीतून सळई. मोडीवर तारेचे दोन वेढे."

दवाखान्याचे जुने मदतनीस मामा लिहीत गेले. ऑपरेशन संपलं की टेबलाशी उभ्याउभ्याच फॉर्म भरून घ्यायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. जनावरांच्या या दवाखान्यातले काही फॉर्म डॉक्टरपेक्षा वयाने मोठे होते. ती मामांच्या धाकट्या मुलीहून लहान. मांडीचं हाड एकटीने बसवायची तिची ही पहिलीच खेप.

टेबलावरचा तपकिरी कुत्रा अजून भुलीत होता. जीभ बाहेर, घशात नळी. टेम्पोत कायम पुढच्या सीटवर बसायचा, म्हणून त्याचं नाव शेठ. आज सकाळी मालकाने टेम्पो मागे घेतला, तेव्हा शेठ नेमका खाली उतरलेला होता.

"भुलीच्या आधी बोटांना जाणीव होती?"

हातमोजा काढता काढता ती थांबली.

सकाळी शेठ कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता. तिने आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग एक्स-रे काढला, आणि हाडातली ती लख्ख तिरकी भेग बघितल्यावर तिचं सगळं लक्ष तिथेच अडकलं. पायाचं बोट चिमटून बघायचं राहून गेलं. मांडीमागून जाणारा मोठा मज्जातंतू शाबूत आहे की नाही, हे त्यावरूनच कळतं. आणि कुत्रा जागा असेल तरच कळतं.

"मामा, ते बघितलंच नाही."

मामांचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच क्षण होता. सळई मोडीतून वर सारत खुब्यापाशी बाहेर काढायची, तेव्हा पाय ताठ आणि आतल्या बाजूला दाबून धरावा लागतो. मज्जातंतू तिथून बोटभर अंतरावर असतो. पाय मामांच्या हातात होता. सळईचं टोक बाहेर आलं आणि त्याच वेळी पाय जरासा फिरला. जरासाच.

"जाणीव नव्हती, असं लिहू?" मामा हळूच म्हणाले. "चाकाखाली आलेला कुत्रा आहे. कोण विचारणार?"

"आणि पाय लुळा पडला तर?"

"तर चाकाने पडला."

दाराच्या गोल काचेतून टेम्पोवाला दिसत होता. बाक रिकामा असून तो उभाच. "माझ्याच चाकाखाली आला हो," हे तो सकाळपासून भेटेल त्याला सांगत होता. फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा सांगून झालं होतं.

शेठने आवंढा गिळला. तिने घशातली नळी काढली. पापण्या हलल्या, मग एक कान. मान उचलायला त्याला आणखी दहा मिनिटं लागली.

मामांना धीर निघेना. त्यांनी मागचा डावा पंजा हातात घेतला, चिमट्याने आतलं बोट दाबलं. पाय आखडला.

"बघा, ओढला. उगाच जीव टांगणीला लावलात."

"ते आतलं बोट, मामा. त्याचा मज्जातंतू वेगळा, मांडीच्या पुढून येतो. त्याला धक्का लागायचं कारणच नव्हतं. आपल्याला बाहेरचं बोट बघायचंय."

"चार बोटांचा पंजा, आणि प्रत्येक बोटाला तुमचा वेगळा कायदा," मामा म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. त्यांनी चिमटा पुढे केला.

"चिमटा नंतर. आधी पेन द्या."

"बोट बघून घ्या की. मग काय ते लिहा."

"मग काय लिहायचं ते बोटच ठरवेल."

रिकाम्या जागेत तिने लिहिलं: तपासली नाही. खाली शेऱ्यात आणखी एक ओळ: सळई बाहेर येताना पाय हलला. मग सही केली.

मामांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. "कुणाच्या हातात हलला, ते नाही लिहिलंत."

"ऑपरेशन माझं होतं."

तिने पंजा उचलला. बाहेरचं बोट बाजूला केलं.

"तोंड बांधू त्याचं?" मामांनी पट्टी उचलली.

"नको. तोंडच तर बघायचंय. पाय नुसता आखडला तर ते पाठीच्या कण्याचं काम. दुखल्याचं डोक्याला कळलं, तरच तोंड फिरवेल."

तिने चिमटा लावून हलकेच दाबला. काहीच नाही. शेठ समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिने आणखी दाबला. पाय हातात ओल्या फडक्यासारखा पडून होता. मामांनी नजर काचेकडे वळवली आणि लगेच काढून घेतली. चिमट्याचे दात नखाच्या मुळाशी नेऊन तिने बोटांतलं होतं नव्हतं तेवढं बळ लावलं आणि मनात आकडे मोजायला लागली. एक. दोन. तीन. चार.

पाचाला शेठच्या घशात काहीतरी घरघरलं. मान सावकाश, भुलीच्या जडपणाने मागे वळली, आणि दात तिच्या मनगटावर मिटले.

"अहो, हात काढा," मामा म्हणाले.

चिमटा तिच्या हातून केव्हाच खाली पडला होता.

"थांबा, मामा," ती म्हणाली. "धरू दे त्याला."