जाऊबाईंच्या हातचा केक

दामिनी हौसेनं केक करायची आणि तिची मोठी जाऊ गार्गी तो न विचारता फ्रिजमधून ट्रेसकट उचलून, आपल्याच हातचा म्हणून भिशीत मिरवायची. दर वेळी दामिनी राग गिळायची.

आज केकवरचे क्रीमचे गुलाब पाहून भिशीतल्या बायका हरखल्याच. "कोणी केला वं?"

"मीच! सकाळपासून खपून राहिली होती. दामिनीले तं हातही लावू देला नाही," गार्गी ठसक्यात म्हणाली.

शेजारी बसलेली दामिनी गोड हसली. "खरंच, सगळं ताईंनीच केलं. कापा ना ताई!"

सुरी करकरली आणि गुलाबांखालून थर्माकोलचे पांढरे दाणे टेबलभर उडाले.



"ताई," दामिनी म्हणाली, "आता रेसिपीही सांगा ना सगळ्यायले!"