तिसरा बॉक्स

माणसाच्या आयुष्यात दोनच निवडी अशा असतात, की ज्या करताना डोक्यावरची टोपी उतरवावी: एक जोडीदाराची आणि दुसरी स्टिअरिंग बॉक्सची. पहिल्या खेपेला लेस्टरने टोपी उतरवली नव्हती. त्या वेळी निवड कॉरलने केली होती.

आज मात्र ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर माळरानाच्या पश्चिम टोकाला, डार्सीच्या भंगाराच्या आवारात, तिघेही एका टेबलाभोवती उभे होते. लेस्टरची जीप लग्नाच्याही आधीची, त्यामुळे घरात तिचा मान कॉरलपेक्षा थोडा जुना. पण अलीकडे स्टिअरिंगचं चाक पाव फेरा फिरवलं, तरी पुढची चाकं विचार करत बसत. गेल्या हिवाळ्यात एका तीन डब्यांच्या ट्रकसमोर त्यांनी जरा जास्तच विचार केला. तेव्हापासून कॉरल जीपमध्ये बसली नव्हती. आजही ती टपालाच्या गाडीने आली होती. तिची अट साधी होती. नवं स्टिअरिंग मनास आलं, तर ती जीपमधून घरी येणार. नाही तर जीप डार्सीच्या भंगारात आणि दोघं उद्याच्या बसमध्ये.

डार्सीने स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा जीपचा जुना बॉक्स उघडून आत बोट फिरवलं. मधले आटे साबणासारखे गुळगुळीत झाले होते. दोन्ही टोकांचे मात्र कालच कारखान्यातून आल्यासारखे.

"म्हाताऱ्या, इथपर्यंत कधी वळवलीच नाहीस काय रे?"

"गरज पडली नाही," लेस्टर म्हणाला.

डार्सीने पहिला बॉक्स पुढे सरकवला. कोरा, चकचकीत, खोक्यातला. लेस्टरने त्यातून बाहेर आलेला दांडा फिरवला. मिठाच्या बरणीत चमचा फिरावा तसा आवाज आला.

"रंग चांगला आहे," कॉरल म्हणाली. बॉक्स मागे गेला.

दुसरा जुनाच, दुरुस्त केलेला. मध्यावर छान फिरला आणि टोकाशी जाऊन अडकला.

"झीज लपवायला कोणीतरी स्क्रू आवळलाय," लेस्टर म्हणाला.

"कोण असेल मेला?" कॉरलने डार्सीकडे पाहिलं.

"मीच," डार्सी म्हणाला. "बघत होतो, तुला अजून कळतं का ते."

मग तो घरात गेला. स्वयंपाकघरातलं कपाट उघडल्याचा आवाज झाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते त्याने तान्ह्या मुलासारखं धरलं होतं.

"तुझ्या जीपच्याच वर्षाचा. विकायचा नव्हता."

लेस्टरने दांड्यावर एक बोट ठेवलं. दांडा फिरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे आवाज नाही, ढिलाई नाही, अडणं नाही. लोखंड फिरतंय असं वाटेचना. दांड्यावर एक माशी येऊन बसली. लेस्टरने तो पुन्हा फिरवला. माशी त्याच्याबरोबर गोल फिरून परत वर आली, पण उडाली नाही.

डार्सीने टोपी काढली. लेस्टरनेही काढली.

कॉरल पुढे झाली. तिने करंगळीने दांडा तिकडे नेला, इकडे आणला. संसारातल्या प्रत्येक वस्तूवर तिला काही ना काही बोलायचं असे. आज तिने फक्त दांडा परत मध्यावर आणून ठेवला.

"पुन्हा एकदा फिरवू?" तिने हळूच विचारलं, चर्चमध्ये विचारावं तसं.

"फिरव की, पोरी," डार्सी म्हणाला.

तिने फिरवला. मग हात झग्याला पुसले आणि म्हणाली, "बसवा."

दुपारच्या चहानंतर जीप आवारातून बाहेर पडली. कॉरल पुढे बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. जीप हायवेला लागली आणि पुढची चाकं लेस्टरच्या हाताबरोबर हलली, ना आधी, ना नंतर.

"लेस," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "जरा वळवून दाखव ना."

"दाखवतो. आपलं फाटक येऊ दे."

फाटक दीडशे किलोमीटरवर होतं. तोवर रस्त्याला एकही वळण नाही.