मशीन नंबर सातचा अर्ज

"पुन्हा शोधा," प्रेसवाली म्हणाली आणि खुर्चीत अशी रुतून बसली की उठवायला क्रेनच लागली असती.

कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एका कॉम्प्युटरभोवती चौघं जण सकाळपासून कोंडाळं करून बसले होते. मॅनेजर, तपासणीला आलेले सरकारी साहेब, रेकॉर्ड सांभाळणारी चष्मेवाली आणि पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणारी ही प्रेसवाली. हिच्या उजव्या हाताला पट्टी, आत दोन बोटं कमी. मॅनेजर म्हणत होता, बाईनं स्वतः निष्काळजीपणा केला, तिला काढून टाकणार. बाई म्हणत होती, सात नंबरच्या प्रेसची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी तुटलीय असा अर्ज मी अपघाताच्या पंधरा दिवस आधी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. अर्ज सापडला तर नोकरी राहणार. नाहीतर बोटंही गेली आणि वर खोटारडी म्हणून घरी.

तिथला प्रत्येक कागद स्कॅन होऊन कॉम्प्युटरात जायचा. एकदा गेला की मालकालासुद्धा पुसता यायचा नाही. मॅनेजरनं हे छाती फुगवून सांगितलं. अर्ज असता तर निघाला असता की, म्हणाला.

चष्मेवालीनं बाईचं नाव टाकलं. काही नाही. मशीनचा नंबर टाकला. दीडशे कागद आले, सगळे तेलपाण्याचे. नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल म्हणून अर्धंच टाकून पुढे चांदणी मारली, म्हणजे उरलेलं काहीही चालेल. भलत्याच तिघी निघाल्या, त्यातली एक तर केव्हाच रिटायर होऊन नातवंडं खेळवत होती. मग अर्ज दिल्याची तारीख टाकली. त्या दिवशीचे सगळे कागद एकेक उघडून बघितले. अर्ज नव्हता. हातानं लिहिलेलं त्या यंत्राला वाचता येत नव्हतं. वर चिकटवलेल्या नावावर आणि तारखेवर त्याचा सगळा कारभार.

चष्मेवालीनं सकाळपासून प्रेसवालीकडे एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. बघेल कशाला, प्रेसवालीच्या मनात आलं. मॅनेजरनं सूर्य हिरवा म्हटला तर ही हिरवा रंग आणून देईल.

"अजून कसं शोधता येतं?" तिनं विचारलं.

चष्मेवालीनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"एक रीत आहे," ती म्हणाली. "आत गेलेल्या कागदाचं नाव मागाहून कुणी बदललं असेल, तर बदलणाऱ्याच्या नावावरून."

मॅनेजरला एकदम जेवणाची वेळ आठवली. साहेबांनी त्याला हातानंच खाली बसवलं.

"मग ह्यांचंच नाव टाका," प्रेसवाली म्हणाली आणि पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांनी मॅनेजरकडे दाखवलं.

"टाका, खुशाल टाका," मॅनेजर म्हणाला. त्यानं जन्मात त्या कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. चष्मेवालीनं टाकलं. एकही कागद नाही. मॅनेजर खुर्चीत ऐसपैस झाला. साहेबांनी वही मिटली. प्रेसवाली मात्र उठली नाही.

चष्मेवालीनं स्क्रीनवरचं नाव टाकायचं खोकं रिकामं केलं. कुणी न सांगता दुसरं एक नाव टाकलं. सावकाश, एकेक अक्षर करत.

एक कागद आला. वर नाव होतं 'साबणाची मागणी', तारीख दोन वर्षांपूर्वीची. उघडला, तर आत प्रेसवालीचं वाकडंतिकडं अक्षर, तिची सही, जाळीचं गाऱ्हाणं आणि कोपऱ्यात अर्ज मिळाल्याचा शिक्का, खऱ्या तारखेचा.

साहेब पुढे वाकले. खोक्यातलं नाव वाचून म्हणाले, "ही बाई कोण?"

"मी," चष्मेवाली म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं प्रेसवालीच्या डोळ्यांत बघितलं. "सांगितलं मॅनेजरसाहेबांनी, बदललं मी. दोघांचीही नावं लिहून घ्या."