नामवंतांची भिंत

“त्याचं तोंड साऱ्या मुलखाला कावून दाखवायलीस?” सासूबाईंनी बजावलं होतं. मनकर्णा हसली होती. बीडच्या जुन्या खाजगी शाळेत नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो लागणार, म्हणून तिनंच तो चष्म्यातला फोटो हौसेनं दिला. पुढं निजामाविरुद्ध भाषण ठोकून तो फरार झाला आणि त्याला कधी न पाहिलेले पोलीस भलत्यांनाच धरू लागले, तेव्हा तिला भिंत आठवली. तान्ह्याला कडेवर घेऊन ती शाळेत धावली. भिंतीवर वकील, डॉक्टर होते. मधला खिळा मोकळा. “काढायचं जिवावर आलं, पोरी,” हेडमास्तर पुटपुटले. “सकाळीच पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब घेऊन गेले. म्हणाले, असा नामवंत आमच्याही भिंतीवर पाहिजे.” गावात कुणाला विचारायची चोरी, म्हणून ती तुम्हा वाटसरूंनाच विनवते: युसूफ वडगाव गावाकडं निघाला असाल तर मेंढपाळांच्या तळावर चष्मेवाला धनगर अजून आहे का, तेवढं बघून या.